किरा पाव्लोव्नांना सैतानाकडे कोण धाडणार?

आग्निया शुबिनाने चौदा वर्षांत आपल्या प्रशिक्षिकेला काही नाही तरी चारशे वेळा सैतानाकडे धाडलं होतं, आणि त्यातल्या तीन वेळा तरी ते चांगलंच फळलं होतं. दोनदा देशाचं सुवर्णपदक, एकदा युरोपचं.

रीतच तशी. बर्फावर उतरण्याआधी कठड्यापाशी किरा पाव्लोव्ना म्हणणार, "ना पीस, ना पंख!" आणि आग्नियाने उत्तर द्यायचं, "सैतानाकडे जा!" सरळ शुभेच्छा दिल्या की दृष्ट लागते, म्हणून 'शिकार न मिळो' असं उलटं बोलायचं, हे पेर्म शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्र्याहत्तर वर्षांच्या किरा पाव्लोव्नांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. सैतानावर मात्र पुरता भरवसा.

आग्नियाचं वय सत्तावीस, म्हणजे स्केटिंगमध्ये आजीबाईच. उन्हाळ्यात घोट्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या तिने संत निकोलाला गळ घातली होती. आणखी एकच मोसम दे. नाताळच्या उपासाचे चाळीस दिवस मी मांस खाणार नाही, दूध-लोणी खाणार नाही आणि त्या मेल्या सैतानाचं नावही घेणार नाही. संताने आपला शब्द पाळला, घोटा टिकला. आता हिची पाळी.

आणि राष्ट्रीय स्पर्धा नेमकी डिसेंबरात, उपासात! यंदा ती पेर्मलाच होती. पहिल्या तिघी युरोपला जाणार. उरलेल्यांना नववर्षाची बर्फावरची बालनाट्यं. मागच्या वर्षीची विजेती सध्या त्यातल्या एकात समोवर, म्हणजे चहाचं बंब, झाली होती. आग्नियाला खारीच्या वेषाच्या शेपटीचं माप द्यायला बोलावणंही आलं होतं.

पहिल्या दिवशी छोटी फेरी. कठड्यापाशी किरा पाव्लोव्ना पुटपुटल्या, "ना पीस, ना पंख!"

"देव तुमचं भलं करो," आग्निया म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"देव तुमचं..."

"थुंक! आधी डाव्या खांद्यावरून थुंक!"

तेवढ्यात नाव पुकारलं. तीन गिरक्यांच्या उडीत आग्नियाची एकच गिरकी झाली, आणि ती पाचवी आली.

उपाहारगृहात बिनलोण्याची कुट्टूची पेज ढवळत तिने व्रताचं सांगून टाकलं.

"गाढवे, मग फ्रेंचमध्ये म्हण."

"देवाला फ्रेंच कळतं, किरा पाव्लोव्ना."

"चिठ्ठीवर लिहून दे."

"त्याला वाचताही येतं."

"फारच शिकलेला आहे तुझा देव!" बाई उठल्या आणि शेजारच्या टेबलावरचं सॉसेज मुद्दाम तिच्या नाकासमोरून नेत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या फेरीला त्या बर्फाचं यंत्र चालवणाऱ्या गेनादीला घेऊन आल्या. "हा तुझ्या वतीने म्हणेल." गेनादीचं बाईंशी वीस वर्षांचं वैर. त्याने इतक्या मनापासून म्हटलं की पंचांनी माना वळवल्या. आणखी दोनदा म्हणायला तो तयार होता.

"चालत नाही," बाई हताशपणे म्हणाल्या. "जी उतरणार, तिनेच म्हणायला हवं."

नाव पुकारलं. तीस सेकंदांत जागेवर उभं राहायचं, नाहीतर गुण कापतात. आग्निया बर्फावर उतरली, पण बाईंनी कठड्यावरून तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

"सोडा ना! पदकासाठी एवढं..."

"पदक गेलं चुलीत! तुझ्याआधीची माझी शिष्या ल्यूबा एकदा ते न म्हणता हसून तशीच उतरली होती. अठ्ठ्याऐंशी साली. अजून कुबडी घेऊन चालते." बाईंनी मनगट आणखी घट्ट धरलं. "तिचं पडणं मी असंच कठड्यापाशी उभं राहून पाहिलं, आग्निया. पुन्हा नाही पाहवणार."

चौदा वर्षांत ल्यूबाचं नाव त्यांनी एकदाही काढलं नव्हतं. चौदा वर्षं त्या दर वेळी कठड्यापाशी काय गिळून उभ्या राहत होत्या, ते आग्नियाला आत्ता कळलं. तिने मनातल्या मनात संत निकोलाची माफी मागितली.

"सैतानाकडे जा, किरा पाव्लोव्ना," ती हळूच म्हणाली. देवळात मेणबत्ती लावावी तसं.

हात सुटला. आग्नियाने एका उडीत बर्फावर हात टेकला, दुसरीत वाकडी उतरली, पण पडली नाही. संपवून ती बाकावर बाईंशेजारी येऊन बसली आणि दोघी गुणांची वाट बघू लागल्या. तिसरा क्रमांक लागला. बाईंनी तिचं डोकं कोटात घुसमटवून टाकलं.

"बघ! लागू पडलं की नाही?"

"पडलं. पण व्रत मोडलं."

"मोडलं तर मोडलं."

"तसं नसतं. मोडलं की पहिल्यापासून धरायचं. उद्यापासून चाळीस दिवस."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "युरोप कधी आहे?"

"सव्विसाव्या दिवशी."

बाईंच्या ओठांवर तोच शब्द आला होता. पण समोर ध्वनिक्षेपक चालू होता आणि सगळा देश ऐकत होता. त्यांनी तो गिळला, कॅमेऱ्याकडे बघून गोड हात हलवला आणि ओठ न हलवता विचारलं, "दोघींनी मिळून धरलं, तर वीस-वीस दिवसांत चाळीस होतात ना?"

"तुम्ही? उपास?"

"लोणी मी सोडते. जीभ तू सांभाळ. आणि तुझ्या त्या संताला आजच विचारून घे, असला सौदा चालतो का. शेवटच्या क्षणी अंगाशी यायला नको."