बिनपत्तीचा चहा

अहो, इकडेतिकडे काय बघताय? मी बोलतेय, मी. ही शेगडीवरची, बुडाला काळी आणि नाकाने वाकडी. किटली. शिक्षण माझं बेताचंच, वाफेबरोबर जेवढं डोक्यात गेलं तेवढंच. पण तोंड चालवायला शाळा कशाला लागते?

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला वरून एक दणका, बाजूने एक दणका, की झाली पोरगी तयार. नाक बसवताना कारागिराला नेमकी शिंक आली आणि माझं नाक जन्माचं डावीकडे वळलं. मग काय, दुकानात माझ्यामागून आलेल्या सरळ नाकाच्या सगळ्या उजवल्या, मी आपली फळीवर धूळ खात. शेवटी एक किल्लीवाला आला. रस्त्याच्या कोपऱ्यावर टपरी टाकून किल्ल्या कापायचा, अडलेली कुलपं उघडून द्यायचा. मला उलटीसुलटी करून म्हणाला, "हीच द्या. वाकडी आहे, माझ्या बायकोशी पटेल तिचं."

बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. वाकडी बिकडी काही नव्हती. उलट इतकी सरळ की सुरकुती म्हणून चालायची नाही तिला, ना कपड्यात, ना बोलण्यात. दुपारी ती लॉन्ड्रीतून यायची, तो टपरी झाकून यायचा, आणि मी शेगडीवर चढायचे. खरा संसार तेवढ्या वेळातच चालायचा. बाकीचा दिवस नुसतं काम.

"पत्ती घालताना हात का आखडतेस गं?"

"डोळे तपासून घ्या. पाणी काळंकुट्ट झालंय."

हे रोजचं भांडण. दोघांना त्याशिवाय चहा गोड लागत नसे.

त्यांना एक मुलगी होती. मला 'वाफवाली मावशी' म्हणायची. चार वर्षांची असताना तिला ताप भरला. दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि परत आले तेव्हा त्याच्या हातात नुसत्या तिच्या चपला होत्या. त्यानंतर पत्तीवरून भांडण झालं नाही. बरीच वर्षं दोघं समोरासमोर बसून मुकाट्याने चहा प्यायची. मी उकळून उकळून आवाज करायचे, पण खोली काही बोलायची नाही.

मग एक दिवस दारात येशूचा धर्म सांगत फिरणारी दोन पोरं उभी राहिली. पांढरे शर्ट, गळ्यात टाय, छातीवर काळी पाटी, पाटीवर 'एल्डर'. एल्डर म्हणजे वडीलधारे म्हणे! मिसरूड फुटलेलं नाही, सायकलची चेन पडली की रडकुंडीला यायचे, आणि हे वडीलधारे. त्यांच्या मंडळीचं खरं नाव एवढं लांब, की पुरतं घेईस्तोवर माझ्यातलं पाणी आटायचं. जग त्यांना मॉर्मन म्हणतं, मीही तेच म्हणते.

किल्लीवाल्याने त्यांची यथेच्छ टर उडवली. चहाचा कप मुद्दाम त्यांच्या नाकाखालून फिरवायचा. "घ्या ना एल्डरसाहेब. चहा चालत नाही, निदान वास तरी घ्या. वासाला बंदी नाही ना?" पोरं लाजून हसायची.

पण त्यातला एक जण म्हणाला, "मरणाने कुटुंब तुटत नाही. लहान मुलं तर देवाजवळ अगदी सुरक्षित असतात. तुमची मुलगी तुम्हाला परत भेटेल. तुमची मुलगी म्हणूनच."

इस्त्रीवालीचा कप ओठापाशी थांबला. "ती मला ओळखेल?"

"हो, आई," पोरगा म्हणाला. स्वतःच डोळे पुसत होता मेला.

तिथेच माझ्या पोटावर पाय आला. त्यांच्या नियमात दारू नाही, तंबाखू नाही, इथवर ठीक. पण चहासुद्धा नाही! चहाने कुणाचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे. बहुधा तोच जाणे.

"अहो," एका दुपारी ती म्हणाली, "मी आजपासून चहा सोडला. तुम्हाला करून देत जाईन."

"एका कपाचा चहा कधी चांगला झालाय का?"

"मग दोन कप प्या."

"चिमूटभर पत्तीवरून रुसणारा देव शोधलास वाटतं."

"रुसत नाही तो. मी शब्द दिलाय. तिच्याकडे जायचंय मला."

त्याने दुसरा कपही स्वतःकडे ओढला. गप्पांचा राजा, पण या एका वाक्यापुढे त्याचं कधी काही चाललं नाही.

तिचा बाप्तिस्मा मी पाहिला नाही, त्याने घरी येऊन नकला करून दाखवला. त्यांच्यात अख्ख्या माणसाला पाण्याखाली जावं लागतं, केसभरही वर राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून. हिची वेणी तरंगली. पुन्हा बुडवली. मागच्या रांगेतून हा मोठ्याने म्हणाला, "एका धुण्यात निघत नाहीये, डाग जुना दिसतो! लॉन्ड्रीवालीला विचारा!" सगळी सभा खो खो हसली. पाण्यात उभी राहून ती पण हसली. मुलगी गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हे सांगताना त्याची नक्कल मध्येच थांबली होती.

त्या मंडळीत पगारी पुजारी नसतो. ज्याला त्याला काम वाटून दिलेलं. त्यांचा बिशप आठवडाभर टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा आणि रविवारी काळी नखं घासून उपदेश करायचा. आमच्या हुशार माणसाने त्याचं नाव ठेवलं पंक्चरबाबा. इस्त्रीवालीला काम मिळालं प्रार्थनेच्या टेबलावरची पांढरी चादर इस्त्री करायचं. ती घरी आणून अशा मायेने करायची, की मला शेगडीवर हेवा वाटायचा.

त्यानेही यावं म्हणून तिने एकदाच तोंड उघडलं. "तुम्हीही या ना. आपल्या तिघांना कायमचं एकत्र बांधतात, तिकडे मोठ्या मंदिरात. तुम्ही नसाल तर ते अर्धंच राहील."

"तिथे विचारतात ना, विश्वास आहे का म्हणून?"

"विचारतात."

"मग? नाही बसत माझा विश्वास. तुझ्या देवापुढे खोटं बोलून आत शिरू? मग मी किल्लीवाला कसला, घरफोड्या झालो."

"बरं," ती म्हणाली, आणि चादरीची घडी घातली. पुन्हा कधी विचारलं नाही. त्या 'बरं'ने त्याला जेवढं खाल्लं, तेवढं भांडणाने खाल्लं नसतं.

वर्षं गेली. मी एका कपाची झाले होते. मग एके दिवशी त्या पांढऱ्या चादरीवर इस्त्री तशीच राहिली आणि तिचा तपकिरी ठसा उमटला. तिच्या हातून! दुसऱ्या आठवड्यात लॉन्ड्रीतून येताना रस्ता चुकली. डॉक्टर म्हणाले, विसरायचा आजार आहे, वाढत जाईल.

या आजाराची रीत उफराटी. नवं आधी खातो, जुनं मागे ठेवतो. आधी प्रार्थनेतली गाणी गेली. मग पंक्चरबाबा गेला, "हे कोण? टायर कुणाचा बसलाय?" म्हणून विचारायची. मग ती दोन पोरं गेली, पाणी गेलं, तरंगलेली वेणी गेली. मंडळीतल्या ज्या बायकांना हा 'पांढऱ्या शर्टांचं वऱ्हाड' म्हणून चिडवायचा, त्याच आता पाळीपाळीने यायच्या. एक तिचे केस विंचरायची, एक जेवण आणायची, एक नुसती हात धरून बसायची, म्हणजे याला टपरी उघडता यावी. चिडवणं त्याने सोडलं नाही, पण आता दाराशी त्यांच्या चपला सरळ लावून ठेवायचा.

आणि एका दुपारी ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, आज चहा नाही का?"

काय सांगू, माझं झाकण थडथडलं! इतक्या वर्षांनी! मनात म्हटलं, बघा, देव हरला, किटली जिंकली.

त्याने पत्तीचा डबा उचलला आणि थांबला. "अगं, तू सोडलायस ना चहा?"

"मी? कशाला सोडू? डोकंबिकं फिरलंय का तुमचं?"

ती पाय हलवत बसली होती, नव्या नवरीसारखी खुशीत. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पोरगी झोपली का?"

"झोपली," तो म्हणाला. देवापुढे खोटं न बोललेला माणूस.

डबा त्याने फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पंक्चरबाबाला घरी बोलावून घेतलं.

"काका, द्या त्यांना चहा," बिशप म्हणाला. "त्यांना शब्दच आठवत नाही, तर मोडला कसा म्हणायचा? देव एवढा खडूस नाही."

"लेखी देशील?"

"काका!"

"तुझ्या देवाचं मला ठाऊक नाही रे. हिचं ठाऊक आहे. पोरीकडे जायचं म्हणून हिने जिवापाड शब्द पाळला. शुद्धीवर असती तर एक थेंब घेतला असता?"

"नसता घेतला."

"मग? तिला आठवत नाही, मला आठवतं ना. तिच्या घराला कुलूप लावून तिने किल्ली माझ्याकडे ठेवलीय समज. मी उघडून आत माणसं सोडू?"

माझं तर डोकं चालेना. बिशप म्हणतो दे, आणि ज्याचा काडीचा विश्वास नाही तो म्हणतो नाही! देवाच्या दारावर बिशपपेक्षा कडक पहारा कुणी ठेवला, तर या नास्तिकाने.

पण ती रोज मागणारच. मग किल्लीवाल्याने आपल्या धंद्याची अक्कल चालवली. डुप्लिकेट! माझ्या बुडात साखर टाकून करपवायची, तपकिरी झाली की पाणी, दूध, आलं. पत्तीचं पान नाही. माझं बूड काळं पडलं ते त्यापायी. रंग हुबेहूब उतरला.

तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हा कसला चहा? रंग आहे, जीव नाही. पत्ती खाल्लीत वाटतं?"

"उद्या जास्त घालतो."

"कंजूष! लग्नाआधी सांगायचं होतंत."

रोज तेच. तो रोज किल्ली घासावी तसं थोडं कमीजास्त करायचा, साखर जरा जास्त करपव, आलं जरा ठेच, आणि ती रोज त्याला कंजूष म्हणायची. कधी रडायची. "एवढंसं मागितलं, तेही देत नाही हा माणूस." तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

त्याची बहीण एकदा येऊन हे बघून गेली. जाताना दारात कडाडली. "दादा, अरे लाज वाटू दे! वहिनीला घोटभर चहा देत नाहीस? जन्मभर त्या टायवाल्यांना हसलास, आणि आता त्यांच्यापेक्षा तूच मोठा संत झालास?"

"संत नाही गं."

"मग कोण आहेस?"

"नवरा आहे," तो म्हणाला, आणि माझ्यात पाणी भरायला वळला. तोंड दिसू नये म्हणून. मला दिसलं.

मग ती दुपार आली. त्याने मला चढवलं, नुसतं पाणी गरम केलं आणि कप ऊन व्हावा म्हणून त्यात थोडं ओतलं. साखर अजून करपवायची होती, दूध यायचं होतं. तो साखरेच्या डब्याकडे वळला, तेवढ्यात तिने कप उचलला. फुंकर मारली. घोट घेतला, आणखी एक घेतला, आणि सगळा संपवला.

"छान झालाय हो चहा," ती म्हणाली.

तो डबा हातात घेऊन तसाच उभा. आधी मला वाटलं, आता हसेल. एवढ्या दिवसांनी शाबासकी मिळाली. त्याने कपात बोट फिरवून चाखलं. पाणी. नुसतं ऊन पाणी.

"पत्ती बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"कसली पत्ती?" ती म्हणाली.

तो जमिनीवर बसला. साखर सांडली. "कंजूष म्हण ना गं," तो म्हणत होता, "एकदा म्हण." ती त्याच्याकडे शेजारच्या घरातल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओळखून नव्हे. कुणीतरी रडतंय म्हणून.

त्यानंतर ती फार राहिली नाही. वऱ्हाडातल्या बायकांनी तिला पांढरे कपडे घातले. एकही सुरकुती ठेवली नाही. शब्द तिने शेवटपर्यंत पाळला. म्हणजे तिच्या वतीने कुणीतरी पाळला. असं चालतं का, ते मला विचारू नका. मी बेताचीच शिकलेली.

आता मी इथेच असते, याच शेगडीवर. पत्तीच्या डब्याला त्याने हात लावलेला नाही. बहीण म्हणते, आता कुणासाठी चहा सोडलास? रविवारी तो त्यांच्या प्रार्थनेला मागच्या रांगेत जाऊन बसतो. पंक्चरबाबाने एकदा हळूच विचारलं, तर म्हणाला, "नाही बसला रे विश्वास अजून. बसला की सांगेन. तोवर हाकलू नका." कुणी हाकलत नाही.

दुपारी तो मला चढवतो, नुसतं पाणी उकळतो, समोर बसतो. बराच वेळ झाला की माझ्याकडेच बघून विचारतो, "पोचली असेल का गं ती पोरीकडे?"

आणि मी, जन्माची तोंडाळ, आयुष्यभर सगळ्यांची टिंगल केलेली, पाणी आटेपर्यंत गप्प बसते. तुम्ही तरी कुणी जाणते असाल, तर एकदा येऊन त्याच्याजवळ बसा. ठाऊक असेल तर त्याला सांगा. ठाऊक नसेल तर नुसतं बसा. उगाच हो मात्र म्हणू नका. एवढ्या एका गोष्टीत त्याला डुप्लिकेट चालणार नाही.