दोन मिनिटं

परीक्षकबाईंनी कार्ड स्वप्नालीपुढे सरकवलं. 'तुम्हाला शिकायला मदत करणाऱ्या माणसाविषयी दोन मिनिटं इंग्रजीत बोला.' इथे नापास झाली, तर परदेशातली नर्सची नोकरी हातची जाणार होती.

गारगोटीला रोज धारा काढून झाल्या की तिचे वडील, आप्पा, घड्याळ हातात धरून समोर बसायचे. इंग्रजीत बोलायचा सराव करताना ती अडखळली की ओरडायचे, "थांबू नगंस! चुकलं तर चुकू दे की, मला कुठं कळतंय!"

आप्पांना जाऊन वीस दिवस झाले होते.

पाठ केलेले सगळे वाक्प्रचार डोक्यातून पळाले. रडू फुटलं तर? आवाजच निघाला नाही तर? बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

टेबलाची कड घट्ट धरून स्वप्नाली इंग्रजीत म्हणाली, "माझ्या वडिलांना यातलं अक्षरही कळत नव्हतं."

मग ती थांबली नाही.