बाहेर ई ऱ्हायना

आतड्याच्या अवघड रोग्याला मुंबईच्या गाडीत बसवून मोकळं होण्याची धुळ्यातली रीत डॉक्टर लीलाधर वानखडे यांनी वर्षभरात एकट्यानं मोडली होती. त्यांना याचा अभिमान होता, आणि तो लपवावा असं कधी वाटलं नव्हतं. शिरपूरकडच्या यशोदाबाईंना आधी टीबी समजून नऊ महिने गोळ्या दिल्या गेल्या होत्या. मग क्रोन्सचं, म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेचं, निदान झालं आणि आतडं दोनदा कापलं गेलं. आता जोडाच्या जागी ते पुन्हा आवळलं होतं. तिसऱ्यांदा कापलं तर जगण्यापुरतंही आतडं उरलं नसतं.

"आखो पोट कापनं पडी का, डागदरसाहेब?" त्यांचे यजमान झुलाल यांनी विचारलं.

"सुरी लावायचीच नाही. नळीतून फुगा आत न्यायचा, आवळलेल्या जागी फुगवायचा. वाट मोकळी."

"फुगा? जत्रामा इकतस तो?"

सिस्टर सुनंदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

डॉक्टरांनी नळीला डोळा लावला तेव्हा ती जागा गुदद्वारापासून सत्तर सेंटिमीटर आत सापडली, पेन्सिलही जाणार नाही इतकी अरुंद. फुगा फुगला, जागा सैलावली. दोन महिन्यांनी बाई खिचडी खाऊन आल्या. थोडं पुन्हा आवळलं होतं, तसं होतंच. फक्त जागा आता पन्नासवर होती. नळीला वेटोळं पडलं की माप चुकतं, असं डॉक्टरांनी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या खेपेला ती तीसवर आली, आणि मागे, जिथं जोड होता तिथं, टाक्याचा वणसुद्धा नव्हता. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. म्हणजे पाहणारे आपणच पहिले, या विचारानं त्यांची छाती भरून आली.

त्याच वेळी यशोदाबाई गुंगीत पुटपुटल्या, "बाहेर ई ऱ्हायना तो, भाऊ."

डॉक्टर विदर्भातले. त्यांनी कानावर पडलं तसंच घेतलं: बाहेर येईना, राहीना.

"येणारही नाही आणि राहणारही नाही, मावशी," ते म्हणाले. सुनंदाबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टर लिहायला बसले होते.

चौथ्या खेपेला आवळलेली जागा नव्हतीच. सगळं आतडं स्वच्छ, गुलाबी. झुलालना आत बोलावून ते सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून रडले. यशोदाबाई डोळे उघडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मागू लागल्या.

"सर," सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "मागं बाई बोलल्या ना, ते आमच्या अहिराणीत उलटं असतं. 'ई ऱ्हायना' म्हणजे येत नाही असं नाही. येतोय. तो बाहेर येतोय, असं म्हणत होत्या त्या."

"मग आला की बाहेर!" डॉक्टर मोकळेपणी हसले. "वना, न्या यांना वॉर्डात."

म्हाताऱ्या वॉर्डबॉय वनानं स्ट्रेचर ढकललं. ते दारात अडलं. त्यानं मागं घेऊन सरळ केलं, पुन्हा ढकललं. चौकट दोन्ही बाजूंनी घासली.

"सकाळी याच दारानं आणलं, साहेब," तो म्हणाला.

खोलीला दुसरं दार नव्हतं. डॉक्टर पुढं झाले आणि त्यांनी चौकटीवर तळवा टेकला. लाकूड कोमट होतं, आणि त्यांच्या हाताखाली ते अगदी सावकाश आवळत होतं.