तीन कुलपांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि आधीच सांगते, माझा कोणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका, मला घडवलंच तसं आहे.

बर्गंडी प्रांतातल्या एका गावच्या चर्चमध्ये माझं आयुष्य गेलं. सुताराने ओकच्या जाड फळ्या जोडल्या, लोहाराने तीन कुलपं बसवली. जन्माच्या नोंदी, जमिनीचे करार, सारं माझ्या पोटात. किल्ल्या तिघांकडे: पाद्री, पिंपं बनवणारा गॉतिए आणि पाव भाजणाऱ्या पेरिनबाई. तिघे जमल्याशिवाय झाकण उघडत नसे. फोडायचं तर दिजों शहरातल्या न्यायालयाचा हुकूम लागे, आणि तो काही लवकर मिळत नसे.

गावात आन्सेल्म व्होद्रे नावाचे विद्वान राज्यकारभारावर ग्रंथ लिहीत होते. कायदा करणारा एक, राबवणारा दुसरा, न्याय देणारा तिसरा असावा. सगळी सत्ता एका हाती गेली की चांगला माणूसही बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. ही कल्पना माझ्याकडे बघून सुचली, असं ते पाहुण्यांना सांगत. मला बरं वाटे, पण स्तुती करणाऱ्याला काहीतरी हवं असतं, हेही मनात येई.

तसंच झालं. राजाचे अंमलदार अशा लिखाणासाठी झडत्या घेऊ लागले, तेव्हा आन्सेल्मांनी आपलं हस्तलिखित माझ्यात ठेवलं. बारा वर्षांची मेहनत, दुसरी प्रत नाही. अंमलदार दोनदा येऊन रिकाम्या हाताने गेले. पण लिहिणाऱ्याला रोज काहीतरी खोडायचं असतं, आणि द्राक्षांच्या हंगामात गॉतिए कुठला सापडायला!

"थोडे दिवस किल्ल्या माझ्याकडेच असू द्या ना," आन्सेल्म म्हणाले.

"घ्या की! तुमच्यासारखा सज्जन गावात दुसरा आहे कोण?" गॉतिएने किल्ली काढूनही दिली. पाद्र्यांनीही दिली.

पेरिनबाई मात्र घुटमळल्या. "साहेब, हे तुमच्या पुस्तकात बसतं का?"

"अहो, मी काय राजा आहे?"

सगळे हसले आणि पेरिनबाईंनीही किल्ली दिली. मी करकरले, पण पेटीचं कोण ऐकतं?

अकराव्या दिवशी अंमलदाराने आन्सेल्मांच्या खिशातून जुडगा काढला आणि एकट्याने मला उघडलं. कागद चर्चच्या दारातच जाळले. आन्सेल्मांना दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सुटून आल्यावर त्यांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा लिहिला, माझ्यात ठेवला आणि किल्ल्या तिघांना वाटल्या. पण एका आजारपणात ते काठी टेकत पेरिनबाईंकडे गेले.

"फक्त एक शब्द चुकलाय हो. त्या दोघांनी दिल्या किल्ल्या."

"मी नाही देणार."

"मी आजारी आहे, पेरिनबाई."

"दिसतंय मला. गरम सूप आणून देते. किल्ली नाही."

ते चिडून घरी गेले. त्याच आठवड्यात वारले. अंमलदाराला त्यांच्या उशाखाली दोन किल्ल्या सापडल्या. तिसरीचं विचारलं, तर पेरिनबाई म्हणाल्या, "पिठात पडली वाटतं. शोधते, बसा." तासभर बसून तो दोन्ही किल्ल्या तिथेच टाकून हात हलवत गेला. पुढे तिघांनी मिळून ग्रंथ बाहेर काढला आणि तो सीमेपलीकडे छापला गेला.

आता माझ्यावर फुलांच्या कुंड्या ठेवतात, कुलपं गंजली आहेत. जमलं तर त्यांना तेल घाला. आणि मित्रांनो, दुष्टाच्या हाती किल्ल्या कोणी आपण होऊन देत नाही, त्या सज्जनालाच दिल्या जातात. तो मागायला आला, तर प्रेमाने सूप द्या आणि नाही म्हणा.

तो शब्द ग्रंथात अजून चुकलेलाच आहे. ग्रंथ मात्र आहे.