उत्तरं माझी होती

"मावशी, रिपोर्ट तुम्हाला नाही देता येणार," ऋचा गोड हसत म्हणाली. "तो थेट कंपनीकडे जातो. आमचा क्लायंट कंपनी आहे ना."

प्रेमाने तिच्याकडे नीट पाहिलं. पुण्याहून आलेली, तिशीही न गाठलेली मानसतज्ज्ञ. बंगळूरच्या कोरमंगल्यातल्या या ऑफिसात खुर्च्यांऐवजी गुबगुबीत पिशव्या पसरलेल्या आणि भिंतीवर इंग्रजीत 'श्वास घ्या' असा उपदेश. समोरची बाई मराठी आहे हे कळताच या पोरीने तिची मावशी करून टाकली होती.

"मग मी कोण?"

"तुम्ही... म्हणजे, ज्यांचं असेसमेंट झालं त्या."

"जन्मभर नर्सचं काम केलंय मी. ज्याचं रक्त काढलं त्यालाच रिपोर्ट न देणारी लॅब अजून पाहिली नाही."

"हे वेगळं असतं, मावशी. तुम्ही स्ट्रेस नका घेऊ."

"मी तुझी मावशी नाही," प्रेमा म्हणाली आणि उठायला गेली. त्या पिशवीतून पहिल्या प्रयत्नात उठता येईना, याचा तिला जास्त राग आला.

एका सरकारी कारखान्याच्या दवाखान्यात ती नर्स होती. तिथे गुंडो नावाचा कंत्राटी कामगार शिडीवरून पडला. चौकशीच्या बैठकीत पर्सोनेल मॅनेजर गिरीराज खुशाल सांगून मोकळा झाला, की तो प्यायलेला होता. कोपऱ्यात बसलेली प्रेमा उभी राहिली आणि सगळ्या साहेबांसमोर म्हणाली, "खोटं बोलताय तुम्ही. त्याचं तोंड मी पुसलंय. रक्ताचा वास होता, दारूचा नव्हता." गिरीराजने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही, उलट तिचा आवाज चढला. पुढच्याच आठवड्यात तिला मानसिक तंदुरुस्तीच्या तपासणीला पाठवण्यात आलं.

त्या दिवशी दुपारभर ती ऋचाच्या ऑफिसात प्रश्नावलीवर खरं की खोटं अशा खुणा करत होती. 'कोणीतरी माझ्या वाईटावर आहे असं मला वाटतं,' या वाक्यापाशी तिचं पेन अडलं. खरं म्हटलं तर ती वेडी ठरणार, खोटं म्हटलं तर गिरीराजच्या पंगतीला बसणार. तिने 'खरं'वर खूण केली.

थोड्याच दिवसांत तिची बदली झाली. आरोग्याच्या कारणास्तव म्हणे. कारखान्याच्या गेस्ट हाऊसच्या चादरी धोब्याकडे धाडायच्या आणि आलेल्या कपाटात रचायच्या.

ते तिने सोसलं असतं. पण घर बदललं. नवरा उमाकांत, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला इंजिनिअर, एकदम मऊ बोलायला लागला. तिने बंद केलेला गॅस पुन्हा जाऊन बघायला लागला. व्हाइटफील्डहून मुलगा ईशान आणि सून आर्या नातीला, ईराला, दर शनिवारी बसवनगुडीला सोडून जायचे. ते बंद झालं. आता आर्या तिला तासाभरासाठी आणायची आणि खोलीतून हलायची नाही. प्रेमाने पोरीचं नाक पुसलं तरी सून अर्धवट उठून बसायची.

"तुम्हाला कोणी काय सांगितलंय?" तिने एका सकाळी उमाकांतला धरलं.

"काही नाही गं."

"काय सांगितलंय?"

"गिरीराज भेटला होता क्लबात. म्हणाला, रिपोर्ट फारसा बरा नाही. घरात जरा जपा."

"तुम्ही पाहिलात?"

"तो कसा दाखवेल? गोपनीय असतो तो."

"म्हणजे मला दाखवायचा नाही आणि तुम्हाला क्लबात ऐकवायचा. छान."

उमाकांतने वर्तमानपत्र उलटलं. तिला त्याची किळस आली. पण त्या दिवशी गेस्ट हाऊसवर रचलेल्या चादरी तिने पुन्हा उपसून पाहिल्या; आपलंच काही चुकत असेल तर? मग स्वतःचीही किळस आली.

शेजारचे भीमाचार्य वकिलाकडे कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांना तिने विचारलं.

"प्रेमाक्का, खासगी कंपनी असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली असती," ते म्हणाले. "तुमचा कारखाना सरकारी. माहितीच्या अधिकारात मागायचं. स्वल्प उशीर होईल, पण सोडायचं नाही."

तिच्या अर्जाला उत्तर आलं: अहवाल तज्ज्ञाने विश्वासाने दिलेला आहे, उघड केल्यास कर्मचाऱ्याच्या खासगीपणास बाधा येईल.

"माझा खासगीपणा माझ्यापासूनच जपतायत," प्रेमा म्हणाली. कारखान्यातल्याच वरच्या साहेबाकडे तिने अपील केलं. त्याने तेच वाक्य उतरवून परत पाठवलं. मग दिल्लीला, माहिती आयोगाकडे. वर्ष उलटून गेलं, तेव्हा कुठे व्हिडिओच्या पडद्यावर सुनावणी झाली. गिरीराज टाय लावून बसला होता आणि 'विश्वास' हा शब्द घोळवत होता.

तिची पाळी आली. "कोणाचा विश्वास, साहेब?" ती म्हणाली. "प्रश्न त्यांचे होते, पण उत्तरं माझी होती. त्या उत्तरांवरून मला कामावरून हलवलं आणि माझ्या नवऱ्याला क्लबात सांगितलं. एकट्या मलाच सांगितलं नाही."

पडद्यावरच्या आयोगाच्या साहेबांनी गिरीराजला क्लबाबद्दल विचारलं. तो पाणी प्यायला. अहवाल द्या, असा हुकूम निघाला.

तो गिरीराजच्याच टेबलापाशी तिच्या हाती पडला. पानं दोनच होती. भावनिक स्थिती स्थिर. स्पष्टवक्तेपणा आहे, विकार नाही. नेहमीच्या कामास योग्य. कामावरून हलवण्याचं कारण दिसत नाही. खाली ऋचाची सही, बदलीच्या आधीच्या तारखेची. खरं लिहून गप्प बसायला शिकलेली पोरगी.

"मॅडम, छोडिये ना," गिरीराज म्हणाला. "रिटायरमेंट तो आ ही गयी."

त्याच्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली. राग यावा इतकंही त्या चेहऱ्यात काही नव्हतं.

"सोमवारपासून मी दवाखान्यात येतेय. ऑर्डर काढा," ती मराठीतच म्हणाली. त्याला बरोबर कळलं.

घरी उमाकांतने दोन्ही पानं वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. त्याचा चेहरा उजळला.

"बघ! मला आतून वाटतच होतं."

"काय वाटत होतं?"

"हेच गं, की तुला काही नाही. पण गिरीराज कशाला खोटं बोलेल, असं..."

"आणि मी बोलेन?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. आत जाऊन तिने दवाखान्याच्या पांढऱ्या साडीला इस्त्री केली.

ईशानचा फोन आला. "आई, सॉरी यार. शनिवारी ईराला ठेवून जातो, राहू दे दोन दिवस."

"आण," ती म्हणाली.

शनिवारी ईराला सोडायला आलेली आर्या जास्तच हसत होती. अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ तिने दोनदा मागून घेतली. मग पर्स उचलून निघाली, तशी ईराने मागून तिचा कुर्ता घट्ट धरला.

"अगं, आजीकडे राहायचंय ना? आवडतं ना तुला?"

ईराने मान हलवली नाही. मध्ये गेलेल्या काळात ती उंच झाली होती आणि तिला शिष्टाचार आले होते. "थँक्यू आजी," ती हळूच म्हणाली, "पण मी ममाबरोबर जाते."

आर्या ओशाळली. उमाकांत चॉकलेट शोधायला धावला. प्रेमाने दोघांनाही हाताने थांबवलं. ती खाली वाकली, ईराच्या चपलेचा उलटा पडलेला पट्टा सरळ करून तिच्या पायात अडकवला आणि दार उघडून धरलं.