एकवीस तारखेची सही

पद्मा गेल्याचं मला सोळा नोव्हेंबरला सकाळी साडेअकरा वाजता कारखान्याच्या गेटवर कळलं. साल चौऱ्याण्णव. गेटवरच्या फोनवर शेजारचे मिश्राजी होते. म्हणाले, भाभीजी अंगणात पडल्या, आम्ही दवाखान्यात आणलंय, तुम्ही या. मी विचारलं, शुद्धीवर आहे ना? ते पुन्हा एवढंच म्हणाले की तुम्ही या. तेव्हा कळलं.

चिनहटच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. तयार झालेला माल मापात आहे की नाही ते बघतो. आम्ही मूळचे पाटणचे, लखनौला येऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. भाऊ गावाहून पोचेपर्यंत दोन दिवस गेले असते, म्हणून भैंसाकुंडाच्या स्मशानात सगळं मीच केलं. कारखान्यातली माणसं बरोबर होती. त्यांनी मला घरी सोडलं, दिवा लावून दिला आणि ती आपापल्या घरी गेली.

आता पद्माच्या केसबद्दल सांगतो, कारण त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आलमबागच्या एका खाजगी शाळेत ती चौदा वर्षं गणित शिकवत होती. एक्क्याण्णव साली व्यवस्थापकाच्या भाच्याचे नववीचे गुण रजिस्टरमध्ये एकोणीसचे एकोणपन्नास झाले. खाडाखोडीशेजारी पद्माची छोटी सही होती. ती सही तिने केलेली नव्हती. पालकांनी ओरड केली तेव्हा शाळेने तिला काढलं. नोकरी गेल्याचं दुःख तिने महिन्याभरात गिळलं, पण काढल्याच्या पत्रात 'बेईमानी' असा शब्द होता, तो तिला गिळता येईना. ती म्हणायची, मला परत घेऊ नका, पण तो शब्द पुसा. त्यासाठी दावा लावला.

वकील चंद्रहास सक्सेना. लखनौच्या चौक भागात, चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानांवरच्या मजल्यावर त्यांची बैठक. वय पासष्टच्या पुढे, बोलणं सावकाश, आणि तारखेला ज्युनियरला न पाठवता स्वतः उभे राहणारे. पद्माला ते 'मास्टरनी जी' म्हणत, कारण ती त्यांच्या मसुद्यातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करून द्यायची. "इस बार कितने नंबर, मास्टरनी जी?" असं ते विचारायचे. एकदा तिने दहापैकी चार दिले. ते मुन्शीला म्हणाले, "राजाराम, बाल-बाल बचे."

राजाराम हा त्यांचा मुन्शी, म्हणजे कारकून. पहिल्याच वर्षी त्याने सांगितलं की इथे सगळेच पक्षकार पाच-सहा कोऱ्या कागदांवर खाली सही करून ठेवतात. मग लहानसहान अर्जासाठी त्यांना यावं लागत नाही, मजकूर नंतर टाइप होतो. पद्माने कागद उलटसुलट करून पाहिले आणि मला मराठीत म्हणाली, "अहो, परीक्षेत कुणी असा कागद दिला असता तर मी शून्य दिलं असतं."

मी म्हणालो, "कर गं सही. दर वेळी चिनहटहून इथे कोण येणार?"

तिने सहा कागदांवर सह्या केल्या.

ती गेल्यानंतरच्या रविवारी, म्हणजे वीस तारखेला, मी चौकात गेलो. वकिलांना सांगायचं म्हणूनच गेलो होतो. स्कूटरवर थंडी वाजते म्हणून डोक्याला मफलर बांधला होता, त्यामुळे राजारामला माझं मुंडण केलेलं डोकं दिसलं नाही. वकीलसाहेब एका लग्नाला कानपूरला गेले होते, रात्री येणार होते. राजाराम फाइली लावत बसला होता. मला बघून म्हणाला, बरं झालं आलात. शाळेने रजिस्टरच्या पानाची नक्कल दाखल केली आहे, त्यावर मॅडमचं शपथपत्र लागेल, आणि मंगळवारी शेवटची बहस, म्हणजे युक्तिवाद आहे. पण त्यांना आणायची गरज नाही, एक सहीचा कागद शिल्लक आहे. उद्या शपथ कमिशनरचा शिक्का मारून आणतो.

"भाभीजी की तबीयत ठीक है न?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "अच्छा."

हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण त्याचं लक्ष फाइलीत होतं. मी जिना उतरलो. आजवर स्वतःला मी पुष्कळ कारणं दिली आहेत. खरं एवढंच आहे की चार दिवसांत ते वाक्य मी एकदाही तोंडाने बोललो नव्हतो. कारखान्यात मिश्राजींनी सांगितलं, गावी तार त्यांनीच केली. माझ्यावर ती पाळी पहिल्यांदा त्या बैठकीत आली, आणि मी ती टाळली.

नंतर दिवस गेले तसे गेले. सकाळी डबा करायचा, कामावर जायचं, परत यायचं. घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. आता दिवसभरात एक शब्दही मराठी लागत नाही. कधी कधी कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजतो, तेवढीच.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला पोस्टकार्ड आलं. पत्ता श्रीमती पद्मा पाटणकर. अक्षर वकीलसाहेबांचं. मुकदमा आपके पक्ष में फैसल हुआ. मिठाई लेकर आइए.

कार्ड हातात धरून मी बराच वेळ अंगणात उभा राहिलो. मग चौकात जाऊन पाव किलो पेढे घेतले आणि जिना चढलो. वकीलसाहेबांनी निकालाची नक्कल पुढे केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वादीवरचा बेईमानीचा आरोप निराधार आहे, शाळेचं पत्र रद्द. माझ्यामागे दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "मास्टरनी जी नीचे रुक गईं?"

मी सांगितलं. तेव्हा अडीच महिन्यांनी ते वाक्य माझ्या तोंडून आलं, आणि तेही हिंदीत.

त्यांनी चष्मा काढला. विचारलं, कधी? मी तारीख सांगितली. त्यांनी राजारामकडून फाइल मागवली, शपथपत्राचं पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. खाली पद्माची सही होती. स्वच्छ, 'प'ला लांब दांडी. वर टाइप केलेलं, की रजिस्टरमधली सही माझी नाही. शिक्का एकवीस नोव्हेंबरचा. बाजूला वकीलसाहेबांची सही, की या बाईंना मी ओळखतो आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली.

"पाटणकर जी, इस पर मेरे भी दस्तख़त हैं," ते म्हणाले. बहसच्या सकाळी दहा कागद पुढे आले, त्यात हा होता. मी न बघता सही केली. गेली तीस वर्षं अशीच करत आलो.

मग म्हणाले की हे मला कोर्टाला सांगावं लागेल.

मी त्यांना समजावलं. त्यात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे, पद्मा हेच तीन वर्षं सांगत होती. सहीही तिचीच आहे. फक्त तारीख चुकली. कोण बघायला जाणार आहे?

ते म्हणाले, "बात सच्ची है. काग़ज़ झूठा है." शाळा अपिलात जाईल. त्यांच्या वकिलाने नगर निगममधून मृत्यूचा दाखला काढला की झालं. मग ते म्हणतील, बघा, रजिस्टरमध्येही या बाईने असंच केलं असेल. आणि समजा कुणी नाहीच गेलं, तरी पक्षकार मेल्याचं वकिलाला कळलं की त्याने कोर्टाला कळवायचं असतं. तसा कायदाच आहे. कालपर्यंत मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे.

मला राग आला. मी म्हणालो, "तुमचं मन साफ होईल साहेब, पण तिच्या नावावर तो शब्द परत येईल. तीन वर्षं ती त्याच्यासाठीच जगली."

यावर ते मला समजावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "वो तो है."

त्या सगळ्या वेळात राजाराम दारात उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याला तो रविवार आठवला असणार. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. पेढ्यांचा पुडा न उघडता परत घेऊन आलो.

पुढच्या आठवड्यात वकीलसाहेब न्यायाधीशांसमोर उभे राहिले. मी मागच्या बाकावर होतो. अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. न्यायाधीशांनी दोनदा वाचला आणि विचारलं, चूक कुणाची, मुन्शीची? ते म्हणाले, "हुज़ूर, मेरी." शाळेचा वकील हसून शेजारच्याला म्हणाला, मास्टरनी पक्की होती, मेल्यावरही सही करते. ते मला ऐकू आलं. वकीलसाहेबांनाही आलं असावं, त्यांची मान खाली गेली. तेव्हा मी उठून सांगू शकलो असतो की मुन्शीने मला विचारलं होतं आणि मी 'अच्छा' म्हणालो होतो. बाकाची कड धरून बसून राहिलो.

निकाल मागे घेतला गेला. पद्मा गेल्यापासून नव्वद दिवसांत वारसाने तिच्या जागी यायला हवं होतं. ते दिवस चार दिवसांनी संपणार होते, आणि मी काहीच केलं नाही. त्यानंतर साठ दिवस मिळतात, पण उशिराचं कारण शपथेवर द्यावं लागतं. एप्रिलच्या मध्यापर्यंत तो अर्ज गेला नाही तर दावा संपला, आणि शाळेचं पत्र जसं आहे तसं राहील.

शाळेच्या वकिलाने सक्सेनासाहेबांविरुद्ध अलाहाबादला बार कौन्सिलकडे तक्रार केली. या केसमधून त्यांनी स्वतःच वकीलपत्र काढून घेतलं. म्हणाले, आता मीच उद्या साक्षीदार होऊ शकतो, दोन्हीकडे मी कसा उभा राहू? फाइल त्यांनी नयना अवस्थी या तरुण वकीलबाईंकडे दिली. मला जिन्यापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, त्यांच्याकडे कोऱ्या कागदावर सही करू नका. सगळं वाचा, स्वतः लिहा, सही शेवटी. मी विचारलं, तक्रारीचं काय होईल? ते म्हणाले, सनद काही महिन्यांसाठी जाईल, किंवा ताकीद मिळेल. मुन्शीने कुणाला विचारलंच नाही, असं त्यांना वाटत होतं. राजारामने त्यांना अजून सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी गप्प राहिला की स्वतःसाठी, मला माहीत नाही.

नयनाजी कामाला चोख आहेत. त्यांनी अर्ज तयार करून दिला, फक्त दोन ओळींची जागा मोकळी ठेवली. वकिलाला मृत्यूची बातमी का कळवली नाही, याचं कारण तिथे लिहायचं आहे. त्या म्हणाल्या, "लिख दीजिए कि क़ानून की जानकारी नहीं थी. सब यही लिखते हैं." मी म्हणालो, घरी जाऊन लिहितो.

त्याला तीन आठवडे झाले. कागद पद्माच्या टेबलावर आहे, ती पेपर तपासायची त्याच टेबलावर. कायदा माहीत नव्हता असं लिहिलं तर अर्ज बहुधा मंजूर होईल, आणि सक्सेनासाहेबांचं ओझं त्यांच्याकडेच राहील. वीस तारखेला सांगायला गेलो होतो आणि सांगितलं नाही असं लिहिलं तर त्यांना उपयोग होईल. पण शाळेचा वकील म्हणेल, नवऱ्याला सगळं माहीत होतं, त्याने मेलेल्या बायकोची सही चालू दिली. तेही खोटं नाही. पद्माने कुठल्या उत्तराला किती गुण दिले असते ते मला ठाऊक आहे. तरी पेन उचलतो आणि परत ठेवतो.

काल संध्याकाळी पहिल्या पानावरच्या मोकळ्या जागा भरल्या. माझं नाव, वय, पत्ता. पद्माच्या नावाआधी 'मृतक' हा शब्द लिहिला. त्याला अर्धा तास लागला.

आज नऊ एप्रिल. दोन ओळी कोऱ्या आहेत, आणि खाली माझी सही झालेली नाही.