चौथ्या पानावरचे शेजारी

रस्त्यात भिंगरी नेहमी आईच्या पुढे चालायची, ओळख नसल्यासारखी. घरात तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे, पण इमारतीचं दार ओलांडलं की घरची भाषा बंद. आईने हाक मारली तर उत्तर इथल्या भाषेत यायचं, तेही पुटपुटत, मान न वळवता. देश सोडून आलेल्यांच्या पोरांचं असं होतंच, असं सगळे म्हणत. होत असेल. आईच्या काळजात मात्र दर वेळी चर्र व्हायचं.

गावावर बॉम्ब पडायला लागले तेव्हा आई, बाबा आणि भिंगरी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले होते. आता बाबा दूर कुठेतरी बांधकामावर होते आणि सुट्टीला घरी येत. आई एका हॉटेलच्या लॉण्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. तिथे मशिनच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नसे, त्यामुळे तिची इथली भाषा होती तिथेच राहिली होती.

एकदा शाळा सुटताना वर्गाच्या बाईंनी तिच्या हातात चित्रांचं एक पुस्तक ठेवलं. दर शुक्रवारी कुणाचे तरी आईबाबा वर्गात गोष्ट वाचून दाखवत, आणि आता भिंगरीच्या आईची पाळी होती. पुस्तकही बाईंनी मुद्दाम शोधून आणलं होतं. लढाईतून पळून आलेलं एक कुटुंब, नवं शहर, आई चुलीवर भांडं चढवते, वास जिनाभर पसरतो आणि शेजारी वाट्या घेऊन हजर! बाईंचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत.

"तू येऊ नकोस," घरी आल्या आल्या भिंगरी म्हणाली. "तुला ताप आलाय असं सांगते मी."

"मला कुठे ताप आलाय?"

"शुक्रवारपर्यंत येईल. तू वाचायला लागलीस की सगळे हसणार. आणि नंतर मला चिडवणार."

एरवी आईने एक धपाटा घातला असता. त्या दिवशी तिचा हातच उठला नाही. ती पुस्तक उघडून चित्रं बघत बसली. चौथ्या पानावर शेजारी जेवायला आले होते. आईला हसू आलं आणि रागही आला. ती अजून जुन्या सवयीने घरभर माणसं असल्यासारखा रस्सा करायची, वास जिनाभर जायचा, आणि खालचे आजोबा धाडकन खिडकी लावून घ्यायचे. "आमचं चौथं पान छापायचंच राहिलं वाटतं," ती भिंगरीला म्हणाली. भिंगरी हसली नाही. तेव्हाच आईने ठरवलं, की जायचं, आणि असं वाचायचं की एकाही पोराने दात काढता कामा नयेत.

शिकवायला तिने निवडलं कुणाला? त्याच खिडकीवाल्या आजोबांना. ते पूर्वी बसमध्ये कंडक्टर होते आणि राग नेहमी त्यांच्या नाकावर असे. पण जन्मभर थांब्यांची नावं ओरडून त्यांचा एकेक शब्द सुटा आणि खणखणीत झाला होता. अख्ख्या इमारतीत आईला नीट समजायचं ते त्यांचंच बोलणं. ती रश्श्याचं भांडं आणि पुस्तक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"वाचायला शिकवा."

"मी काय मास्तर आहे का?"

"तुम्ही ओरडता. मला समजतं."

आजोबांना हे कौतुक वाटलं. त्यांनी दार उघडलं.

मग रोज संध्याकाळी शिकवणी. आजोबा ओळ म्हणत, आई मागून म्हणे. मध्ये ते चमचा तोंडात घालून म्हणत, "मीठ कमी आहे," आणि पावाने वाटी पुसून लख्ख करत. वर आल्यावर आई त्यांची नक्कल करून दाखवायची. भिंगरी तोंड फिरवून हसायची, पण शुक्रवारचा विषय निघाला की पुन्हा गप्प.

शुक्रवारी आई वर्गासमोर बसली. भिंगरी सगळ्यात मागे, बाकावर डोकं टेकवून. आईने पुस्तक उघडलं आणि खड्या आवाजात पहिली ओळ म्हटली. आजोबांनी शिकवली होती तशीच, म्हणजे पुढचा थांबा आला, उतरणाऱ्यांनी दाराशी यावं, अशा थाटात. गोष्ट अशी वाचत नाहीत हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्ग खो खो हसायला लागला. बाई डोळे वटारत होत्या, पण कोण ऐकतंय. आईचे कान तापले. तरी ती थांबली नाही. एकेका थांब्यावर गाडी उभी करत तिने पुस्तक शेवटपर्यंत नेलं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "तुमच्याकडे पण आले का असे शेजारी जेवायला?"

बाईंना प्रश्न फार आवडला. आईलाही तो पूर्ण समजला. हो म्हणून हसली असती तर सगळे खूष झाले असते. पण इथे काढलेले दोन हिवाळे तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

"नाही," ती म्हणाली. "दार बंद. सगळे दार."

हसणं थांबलं. बाईंचा चेहरा उतरला.

"मग?" त्या मुलीने विचारलं.

मग बरंच होतं. पण ते सांगण्याइतके शब्दच आईजवळ नव्हते.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

"आई, कंडक्टर आजोबांचं सांग ना!" भिंगरी उभी होती आणि मोठ्याने बोलत होती, घरच्या भाषेत. "तू आपल्या भाषेत सांग. मी यांना सांगते."

सगळी पोरं वळून बघायला लागली. भिंगरीच्या तोंडून ही भाषा कुणी कधी ऐकली नव्हती. कुणीतरी फिसकन हसलं. भिंगरी लालबुंद झाली, पण खाली बसली नाही. बाकांमधून वाट काढत पुढे आली आणि आईला खेटून उभी राहिली.

"सांग ना," ती पुन्हा म्हणाली, त्याच भाषेत.

आई बोलायला लागली आणि मग काही थांबेना, खिडकी, रस्सा, वाटी, सगळं एका दमात. शेवटी भिंगरीने तिचा दंड धरला.

"अगं हळू! मला यांना सांगू तरी दे."